ठसा पाहा, मग पुरस्कार द्या

कलास्पर्धेचा निकाल लागला की चर्चा ठरलेली असते. परीक्षक कोण होते, कोणाच्या विद्यार्थ्याला बक्षीस मिळाले, रक्कम वाढली की तेवढीच राहिली, मुंबईकडे किती गेले आणि बाकी महाराष्ट्राच्या वाट्याला किती आले, एवढ्यावर ती सुरू होते आणि एवढ्यावरच संपते. बक्षीस देण्याआधी परीक्षकांनी नेमके काय पाहिले, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. हा प्रश्न सगळ्याच विभागांत महत्त्वाचा आहे; पण मुद्राचित्रणात, त्यातही रंगीत मुद्राचित्रणात, तो सर्वांत आधी विचारायला हवा. कारण हल्ली अनेक स्पर्धात्मक प्रदर्शनांत पहिली चाळणी ऑनलाइन भरलेल्या छायाचित्रांवरून होते. कलाकार कामाचा फोटो काढतो, ठरवून दिलेल्या आकारात अपलोड करतो आणि निवड समिती पडद्यावर एकामागून एक फोटो सरकवत कोण आत, कोण बाहेर ते ठरवते. अंतिम फेरीसाठी मूळ कामे मागवली जातात हे खरे. पण तोवर बहुसंख्य प्रवेशिकांचा निकाल लागून गेलेला असतो आणि ज्या कागदाविषयी तो लागला, तो कागद कोणी पाहिलेलाच नसतो. रंगीत मुद्राचित्रासाठी ही पद्धत अपुरी तर आहेच, पण ती एका विशिष्ट बाजूला झुकलेलीही आहे. आणि ती बदलणे आयोजकांना वाटते तितके अवघड नाही.

मुद्राचित्र म्हणजे काय, याविषयी आपल्याकडे जो गोंधळ आहे, त्याला इतिहास आहे. रंगीत छापील चित्र मराठी घरात फार लवकर आले. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकाराने पुण्यात १८७८ साली चित्रशाळा छापखाना निघाला आणि देवदेवतांच्या, पेशवाईतल्या पुरुषांच्या रंगीत शिळाछाप तसबिरी भिंतींवर लागल्या. १८९४ मध्ये मुंबईत राजा रविवर्मांचा छापखाना सुरू झाला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि त्याच्या लक्ष्मी-सरस्वती देशभर पोहोचल्या. त्या छपाईत विलक्षण कौशल्य होते. एकेका रंगासाठी वेगळा दगड, प्रत्येक दगडावरचा ठसा आधीच्या ठशावर तंतोतंत बसवायचा. पण रविवर्मांच्या त्या छापील तसबिरींमागे मूळ तैलचित्रे होती आणि छापील प्रत त्यांची नक्कल होती. तेव्हापासून ‘छापलेले चित्र’ म्हणजे दुय्यम, कॅलेंडरच्या जातीचे, अशी समजूत आपल्या मनात घट्ट बसली. कलावंताच्या मुद्राचित्रात असे वेगळे मूळ चित्र नसते. तांब्याचा किंवा जस्ताचा पत्रा, लाकडाचा ठोकळा, दगड, रेशमी जाळी ही साधने. कागदावर उमटलेला ठसा हेच चित्र. पंचवीस प्रतींची आवृत्ती असेल तर पंचवीसही प्रती मूळ असतात. म्हणून मुद्राचित्राच्या फोटोवरून मुद्राचित्राचा निवाडा करणे म्हणजे ज्या समजुतीतून ही कला मोठ्या कष्टाने बाहेर आली, तिच्यात तिला पुन्हा ढकलणे होय. नक्कल आणि मूळ यांत काही फरक नाही, असेच त्या चाळणीत गृहीत धरलेले असते.

फरक किती आहे ते पाहायचे असेल तर हातातल्या या वर्तमानपत्राच्या रंगीत पानावर भिंग धरावे. निळसर, किरमिजी, पिवळे आणि काळे असे बारीक ठिपके दिसतील. लांबून ते एकमेकांत मिसळून चेहरा, आकाश, झाड असल्याचा भास होतो. छपाई जरा सरकली असेल तर नेत्यांच्या कानाला किरमिजी कडही दिसेल. आता तेच भिंग रंगीत इंटाग्लिओ मुद्राचित्रावर धरले तर असे ठिपके सापडणार नाहीत. पत्र्याच्या खाचेत भरलेली शाई ओलसर कागदाने दाबाखाली उचलून घेतलेली असते. ती रेघ कागदावर किंचित उंच उभी राहते, बोटाला जाणवते. तिच्याभोवतीचा रंग वेगळ्या पातळीवरून आलेला असतो. पारदर्शक पिवळ्यावर निळा चढला तर तयार होणारा हिरवा हा खालचा कागद, मधला पिवळा आणि वरचा निळा या तिघांमधून परतून आलेल्या प्रकाशाचा असतो. पडदा स्वतः प्रकाश फेकतो, कागद पडलेला प्रकाश परत देतो. या दोन गोष्टी एक नाहीत. शिवाय सर्वसाधारण पडद्यांच्या रंगकक्षेत काही झळाळते निळसर-हिरवे रंग मुळात बसतच नाहीत. व्यावसायिक छपाईचा धंदा हे केव्हाच शिकला आहे. तिथे रंग मंजूर करायचा तर छापील नमुना ५००० केल्विनच्या प्रमाणित प्रकाशात पाहण्याचा दंडक आहे आणि त्यासाठी आंतरराष्ट्रीय मानक आहे. औषधाच्या खोक्याचा रंग पास करताना जी काळजी घेतली जाते, ती कलेचा पुरस्कार ठरवताना घेतली जात नाही, ही गोष्ट गमतीची नव्हे, लाजिरवाणी आहे.

रंगीत मुद्राचित्रणात भारतीयांचा वाटा मोठा आहे आणि त्याचा एक धागा मुंबईशी जोडलेला आहे. स्टॅन्ली विल्यम हेटर यांनी १९२७ मध्ये पॅरिसमध्ये ‘आतलिए १७’ ही मुद्राचित्रणाची कार्यशाळा सुरू केली. युद्धकाळात ती न्यूयॉर्कला गेली आणि १९५० मध्ये पॅरिसला परतली. तिथे आंध्रातून शांतिनिकेतनमार्गे आलेले कृष्णा रेड्डी आणि मुंबईत जन्मलेले कायको मोती या दोघांनी एकाच पत्र्यावरून, प्रेसमधून एकदाच काढून, अनेक रंग छापण्याची पद्धत विकसित केली. तिची रीत समजून घेण्यासारखी आहे. पत्रा आम्लाने आणि हत्यारांनी असा कोरायचा की त्यावर उंच-सखल पातळ्या तयार व्हाव्यात. आधी खोल खाचांत एक शाई भरून वरचा पृष्ठभाग जाळीदार कापडाने पुसून घ्यायचा. मग जवसाचे तेल घालून पातळ केलेली दुसरी शाई कडक रबरी रोलरने फिरवायची; कडक रोलर दबत नाही, त्यामुळे तो फक्त उंचवट्यांना शिवतो. त्यानंतर घट्ट, कमी तेलाची तिसरी शाई मऊ रोलरने जोर देऊन फिरवायची. मऊ रोलर सखल भागात उतरतो. उंचवट्यांवरच्या तेलकट शाईवर ही घट्ट शाई चिकटत नाही, सखल भागात मात्र बसते. अशा रीतीने तीन शाया एकमेकींत न कालवता एकाच पत्र्यावर शेजारी शेजारी राहतात. तेल थोडे जास्त झाले, रोलर थोडा हलका पडला, की सारा रंगमेळ बदलतो. रेड्डींनी ‘ग्रेट क्लाउन’सारख्या चित्राचे एकाच पत्र्यावरून वेगवेगळ्या रंगसंगतींत ठसे काढले, ते याच जोरावर. १९७२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि पुढे न्यूयॉर्क विद्यापीठात त्यांनी अनेक पिढ्या घडवल्या. त्यांचे १९६३ चे ‘व्हर्लपूल’ पडद्यावर पाहिले तर निळ्या-तपकिरी रंगांचा एक सुंदर भोवरा दिसतो. रंग कुठे खाचेतून आला, कुठे उंचवट्यावरून आणि दोन शायांनी एकमेकींना कुठे दूर सारले, हे कळायला कागदासमोरच उभे राहावे लागते. या चित्रातली कल्पना त्या घडामोडीतच आहे. ती न पाहता त्याला गुण देणारा परीक्षक चित्राच्या विषयाला गुण देत असतो, चित्राला नव्हे.

हे एका तंत्रापुरते मर्यादित नाही. जपानी रंगीत लाकूडछापात ठोकळ्यावर पाण्यातला रंग पुसत-पुसत फिकट करत नेण्याची रीत आहे, अभ्रकाची भुकटी लावलेली चमकती पार्श्वभूमी आहे, शाईविना नुसत्या दाबाने कागदावर उठवलेली नक्षी आहे. मुनाकाता शिको काही ठशांना कागदाच्या मागच्या बाजूने रंग लावत आणि तो झिरपून पुढे जेवढा येईल तेवढाच दिसू देत. आपल्याकडे सोमनाथ होर यांनी १९७० च्या दशकात केलेली ‘वूंड्स’ ही मालिका तर या प्रश्नाची कसोटीच आहे. मातीच्या सपाट थरावर चाकूने आणि तापलेल्या हत्यारांनी घाव घालायचे, त्यावरून सिमेंटचा साचा काढायचा आणि त्यात कागदाचा ओला लगदा दाबायचा. हाती येतो तो पांढऱ्यावर पांढरा कागद. एखाद्या ठिकाणी लालसर डाग, बाकी शाई नाही. तिरप्या उजेडात तो कागद म्हणजे फाटलेली, फुगलेली, शिवलेली कातडी होते. समोरून सारखा प्रकाश टाकून काढलेल्या फोटोत तो जवळपास कोरा दिसेल. आज एखाद्या तरुणाने असे काम पाठवले आणि पहिली चाळणी फोटोवर झाली, तर ते टिकण्याची शक्यता किती, याचे उत्तर वाचकांनीच द्यावे.

इथे कोणी म्हणेल की फोटोत सगळ्यांचेच थोडेथोडे नुकसान होते, मग तक्रार कशाची? सर्वांचे सारखे नुकसान झाले असते तर तक्रार नव्हती. पण ते सारखे होत नाही. ठसठशीत काळ्या-पांढऱ्या विरोधाची, मोठ्या सपाट आकारांची, झटकन ओळखू येणाऱ्या विषयाची चित्रे पडद्यावर फारशी काही गमावत नाहीत. कधी तर मुळापेक्षा अधिक उठून दिसतात. एकात एक मुरलेले रंग, कागदाचा पोत, उठाव, पातळ थर यांवर उभी असलेली चित्रे पडद्यावर निस्तेज होतात. म्हणजे ही चाळणी एका प्रकारच्या कामाला सवलत देते आणि दुसऱ्याला दंड करते. कलाविद्यार्थी हुशार असतात. कोणते काम निवडले जाते हे त्यांना दोन-तीन वर्षांत उमगते आणि ते तसे काम करू लागतात. परीक्षणाची पद्धत अशी हळूहळू निर्मितीची पद्धत ठरवू लागते. कलाशाळांच्या मुद्राचित्रण विभागांत रंगावर घाम गाळणारे कमी का दिसतात याची अनेक कारणे आहेत. शाई महाग, प्रेस थोड्या, वेळ अपुरा. त्यांत आणखी एका कारणाची भर आपणच घालावी, याला अर्थ नाही.

पुरस्काराने असा काय मोठा फरक पडतो, असा प्रश्न येईल. मुद्राचित्रणाचा आधुनिक इतिहास सांगतो की फार पडतो. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत खुद्द जपानमध्ये, जिथे रंगीत लाकूडछापाची परंपरा शतकांची, तिथल्या कलाजगतात मुद्राचित्रकाराचे स्थान तैलचित्रकाराच्या खालचे होते. १९५१ मध्ये साओ पाउलोच्या पहिल्या द्वैवार्षिकात जपानकडून गेलेल्या कामांपैकी बक्षिसे मिळाली ती सायतो कियोशी यांच्या रंगीत लाकूडछापाला आणि कोमाई तेत्सुरो यांच्या एचिंगला. लाकडाच्या रेषा-गाठी झाकण्याऐवजी त्यांनाच चित्रात वाव देणारे सायतो आणि आपल्या देशात दुय्यम गणले जाणारे मुद्राचित्र, दोघेही एकदम चर्चेत आले. १९५५ मध्ये साओ पाउलोत आणि १९५६ मध्ये व्हेनिसमध्ये मुनाकातांना मुद्राचित्रणाचे मोठे पुरस्कार मिळाले. लगोलग १९५७ मध्ये टोकियोचे आंतरराष्ट्रीय मुद्राचित्र द्वैवार्षिक सुरू झाले आणि ते १९७९ पर्यंत चालले. पाच-सहा वर्षांत एका देशाने आपल्याच कलेकडे पाहण्याची दृष्टी बदलली आणि त्या बदलाला चालना मिळाली ती मुख्यतः परक्या परीक्षकांच्या निर्णयांनी. ज्या निर्णयात एवढे सामर्थ्य असते तो कशाच्या आधारावर घेतला जातो, हे पाहणे म्हणजे किरकोळ तपशिलात शिरणे नव्हे.

त्या काळातली प्रदर्शने ज्या गोष्टीवर उभी राहिली, ती आजच्या वादात नेमकी विसरली जाते. मुद्राचित्र हलके असते. काच नाही, चौकट नाही, कागद गुंडाळला आणि नळीत घातला की तो जगाच्या पाठीवर कुठेही जातो. १९५५ मध्ये झोरान क्रझिश्निक यांच्या पुढाकाराने तेव्हाच्या युगोस्लाव्हियातल्या ल्युब्लियाना शहरात मुद्राचित्रांचे द्वैवार्षिक सुरू झाले. शीतयुद्ध ऐन भरात असताना पूर्व आणि पश्चिम, दोन्हीकडचे कलावंत तिथे एका भिंतीवर आले. १९६६ मध्ये पोलंडमधल्या क्राकोवनेही तोच मार्ग धरला. तैलचित्रे आणि शिल्पे यांचा विमा, वाहतूक, जकात न परवडणाऱ्या देशांनाही मुद्राचित्राने जागतिक प्रदर्शन भरवण्याची ताकद दिली, ती त्याच्या हलकेपणामुळे. १९६३ मध्ये ल्युब्लियानाचा सर्वोच्च पुरस्कार रॉबर्ट रॉशेनबर्ग यांच्या ‘अ‍ॅक्सिडेंट’ला मिळाला. छपाई चालू असताना शिळाछापाचा दगड प्रेसमध्ये फुटला. त्यांनी दोन्ही तुकडे तसेच छापले आणि फुटीची पांढरी तिरकी भेग चित्रभर ठेवली, खाली दगडाचे कपचे मांडले. अपघातालाच चित्राचा विषय करणारे हे काम अमेरिकेतल्या एका छोट्या कार्यशाळेतून निघून युगोस्लाव्हियात पोहोचू शकले, कारण शेवटी तो एक कागद होता. शिल्पाच्या किंवा भल्यामोठ्या कॅनव्हासच्या स्पर्धेत पहिली फेरी फोटोवर घेण्यावाचून गत्यंतर नसते, हे समजू शकते. पण परीक्षकाकडे स्वतः चालत जाऊ शकणारी जी एक कला आहे, तिलाही फोटोच्या रांगेत उभे करणे ही सक्ती नाही. ती आयोजकांची सोय आहे.

आता आक्षेपांकडे वळू. सर्वांत वजनदार आक्षेप संख्येचा. ऑनलाइनमुळे प्रवेशिका वाढल्या, दूर गावातल्या मुलालाही भाग घेता येऊ लागला. मूळ कागद मागवले तर ढीग पडेल आणि परीक्षकांना तो उपसता येणार नाही, असे म्हटले जाते. हिशेब करून पाहू. हजार कागद आले आणि प्रत्येकाला एक मिनिट दिले तर साधारण सतरा तास लागतात, म्हणजे तीन दिवसांचे काम. सपाट कागद टेबलावर मांडून पुढे सरकवायला एक-दोन मदतनीस पुरतात. प्रत्येकाला एक किंवा फार तर दोन प्रवेशिकांची मर्यादा घातली तर ढीग आणखी आटोक्यात येतो. आणि तीन दिवस द्यायला परीक्षक तयार नसतील, तर ज्या कामांवर कलावंताने महिने घालवले त्यांचा निवाडा त्यांनी करावाच का? अशा वेळी नामवंत पण घाईत असलेल्या परीक्षकापेक्षा कमी प्रसिद्ध पण सवड असलेला परीक्षक शतपटीने बरा.

दुसरा आक्षेप खर्चाचा. टपाल किंवा कुरियर लागेल, ते गडचिरोलीच्या किंवा कोकणातल्या विद्यार्थ्याला परवडेल का? हा आक्षेप प्रामाणिक आहे आणि तो झटकून टाकता येणार नाही. पण एका कागदाची नळी पाठवण्याचा खर्च आणि प्रदर्शनासाठी चौकट करून, काच बसवून, खोक्यात भरून पाठवण्याचा खर्च यांची तुलना केली तर दुसराच डोईजड ठरतो, आणि तो आजही निवडलेल्यांच्या माथी मारला जातो. आयोजकांनी सर्व निवडलेली मुद्राचित्रे एकाच मापाच्या, आपल्याजवळच्या चौकटींत लावण्याची व्यवस्था केली तर कलाकाराचा एकूण खर्च उलट कमी होईल. जिल्ह्याच्या ठिकाणच्या कला महाविद्यालयांत कागद गोळा करून ते एकत्र पाठवणेही शक्य आहे. शासकीय किंवा अनुदानित प्रदर्शनाला परतीचे टपाल सोसणे जड जाऊ नये. शिवाय मुद्राचित्राची आवृत्ती असते. एक प्रत प्रवासात खराब झाली तर कलाकाराचे नुकसान होते, पण सर्वस्व जात नाही. तैलचित्रकाराला हे म्हणता येत नाही.

तिसरा आक्षेप निष्पक्षतेचा आहे आणि आपल्याकडचा अनुभव पाहता तो हलका मानता येत नाही. पडद्यावर नाव दिसत नाही, क्रमांक दिसतो. मूळ कागदावर पेन्सिलची सही असते, मग वशिला चालेल, अशी भीती आहे. मुद्राचित्रावर खालच्या समासात डावीकडे प्रतीचा क्रमांक, मध्ये शीर्षक आणि उजवीकडे सही असा प्रघात आहे. तो समास कागदाच्या पट्टीने झाकला की काम झाले. परीक्षेच्या उत्तरपत्रिकांवर आपण वर्षानुवर्षे हेच करत आलो आहोत. खरे तर परीक्षक एखाद्याची शैली ओळखतो ती पडद्यावरही ओळखतोच. वशिल्यावर इलाज पडदा हा नसून लेखी कारणे हा आहे. पुरस्कारप्राप्त प्रत्येक कामासाठी चार ओळींचे टिपण परीक्षकांनी सही करून द्यावे आणि ते चित्राशेजारी लावावे. ज्याने कागद पाहिला आहे त्याला चार ओळी लिहायला त्रास पडत नाही. ज्याने पाहिला नाही त्याची पंचाईत होते, आणि ती व्हायलाच हवी.

चौथा आक्षेप अधिक विचारी माणसे घेतात. कागद, शाई, दाब यांवर एवढा भर दिला तर कारागिरीची पूजा होईल, कल्पनेला जागा राहणार नाही. शिवाय आज संगणकावर जन्मणारी आणि डिजिटल यंत्रावर छापली जाणारी मुद्राचित्रेही आहेत, त्यांचे काय? याला इतिहासातच उत्तर आहे. १९६८ च्या सहाव्या टोकियो द्वैवार्षिकात सर्वोच्च पुरस्कार नोदा तेत्सुया या तरुणाला मिळाला. त्याचे ‘डायरी’ मालिकेतले काम म्हणजे घरच्या माणसांचा साधा फोटो. तो रेशमी जाळीतून छापलेला, आणि त्याच्या जोडीला लाकडी ठोकळ्यावरून छापलेले हलके रंगाचे थर. फोटो वापरलेले काम मुद्राचित्र कसे, यावर तेव्हा वाद झाला. कारागिरीच्या नावाने नव्याला अडवायचे असते तर परीक्षकांना ती उत्तम संधी होती. त्यांनी उलट केले. पण या कामाचे मर्म फोटोत नव्हते. रोजच्या फोटोला जपानी कागद आणि ठोकळ्याचा रंग भेटल्यावर त्याचे काय होते, यात ते होते. पडद्यावर त्या चित्राचा फोटो म्हणजे फोटोचा फोटो, तिथे वादाला विषयच उरत नाही. कागद पाहणारा परीक्षक नव्याचा वैरी असतो हा समज म्हणूनच टिकत नाही. डिजिटल मुद्राचित्रालाही तेच लागू आहे. कोणता कागद निवडला, शाई त्यात मुरली की वर तरंगली, किती मोठे छापले, हे निर्णय कलाकाराचे असतात. ते पाहायचे नसतील तर त्या स्पर्धेला डिजिटल प्रतिमांची स्पर्धा म्हणावे. त्यात गैर काही नाही, पण मग मुद्राचित्रणाचे नाव घेऊ नये.

भारतात या चर्चेला वेगळे महत्त्व आहे. १९५४ मध्ये स्थापन झालेल्या ललित कला अकादमीची राष्ट्रीय प्रदर्शने, १९६८ मध्ये जगमोहन चोप्रा यांच्या पुढाकाराने दिल्लीत उभा राहिलेला ‘ग्रुप ८’, बडोद्याच्या कलाशाखेत ज्योती भट्ट यांच्यासारख्यांचे काम, १९८९ मध्ये भोपाळच्या भारत भवनने सुरू केलेले आंतरराष्ट्रीय मुद्राचित्र द्वैवार्षिक आणि २०१८ मध्ये अकादमीने सुरू केलेले ‘प्रिंट बिनाले इंडिया’, या सगळ्यांनी मुद्राचित्रणाला एक सार्वजनिक जागा दिली. मात्र बाजाराने ती दिलेली नाही. आपल्याकडचा ग्राहक अजूनही ‘एकच आहे ना?’ असे विचारतो आणि आवृत्ती म्हटले की किमतीत घासाघीस करतो. कलाशाळेतून बाहेर पडल्यावर प्रेस मिळत नाही म्हणून अनेकजण मुद्राचित्रण सोडून रंगकुंचल्याकडे वळतात. अशा परिस्थितीत स्पर्धेतली निवड आणि पुरस्कार हा या कलावंतांचा मोठा आधार आहे. मुंबईतल्या १८८८ पासूनच्या बॉम्बे आर्ट सोसायटीसारख्या संस्थेमुळे महाराष्ट्राला स्पर्धात्मक प्रदर्शनांची दीर्घ परंपरा आहे, राज्य कला प्रदर्शनातही मुद्राचित्रणाला स्थान आहे. ही परंपरा ज्यांच्या हातात आहे त्यांना नवा निधी न मागता बरेच काही करता येईल.

ते काय, हे थोडक्यात सांगतो. मुद्राचित्रण विभागासाठी छायाचित्रे मागवावीत ती फक्त नोंदणीपुरती: प्रवेशिका नियमात बसते का, माप काय, तंत्र कोणते, एवढे तपासायला. गुणवत्तेवर बाद करण्याचा अधिकार त्या टप्प्यावर कोणालाच असू नये. निवडीची पहिली फेरी चौकटीविना आलेल्या मूळ कागदांवर, दिवसाच्या किंवा त्याला जुळणाऱ्या उजेडात आणि तिरप्या दिव्याखालीही व्हावी. परीक्षकांत किमान एक जण स्वतः छापणारा असावा. पत्र्यावर दोन शाया एकत्र नांदवताना काय घडते हे ज्याच्या बोटांना ठाऊक आहे, तो इतरांना ते दाखवू शकतो. फारच मोठ्या आकाराच्या ठशांना अपवाद करावा लागेल. त्यांच्यासाठी मूळ ठशाचा ठरावीक मापाचा तुकडा किंवा प्रूफ मागवता येईल. आणि पुरस्कारप्राप्त ठशाची एक प्रत आयोजकांनी विकत घेऊन सार्वजनिक संग्रहात ठेवावी. ल्युब्लियानाच्या द्वैवार्षिकातून पुढे १९८६ मध्ये मुद्राचित्रणाचे कायमस्वरूपी केंद्र उभे राहिले. आपल्याकडे निकालानंतर उरते ते बहुधा निमंत्रणपत्र आणि बारीक आकाराच्या चित्रांचा कॅटलॉग. वीस वर्षांनी एखाद्या विद्यार्थ्याला अमुक वर्षी परीक्षकांनी काय श्रेष्ठ मानले होते हे तपासायचे असेल, तर त्याला तो कागद पाहायला मिळाला पाहिजे. निर्णय तपासता येतो तेव्हाच परीक्षक जपून निर्णय देतात.

यातली एकही सूचना क्रांतिकारक नाही. पुरस्काराची रक्कम दुप्पट करण्यापेक्षा ती कितीतरी स्वस्त आहे. रक्कम वाढली की बातमी होते, परीक्षणाची पद्धत बदलली की होत नाही, म्हणून पहिली गोष्ट घडते आणि दुसरी राहून जाते. पण कलावंताला बक्षिसाच्या धनादेशाइतकीच, किंबहुना त्याहून जास्त, गरज असते ती आपले काम जाणत्या माणसाने नीट पाहिल्याच्या खात्रीची. ज्याची निवड झाली नाही त्यालाही ही खात्री मिळाली, तर तो पुढच्या वर्षी पुन्हा पत्रा कोरायला बसतो. आज त्याला ती देता येत नाही. पुढच्या प्रदर्शनाची नियमावली छापताना मुद्राचित्रण विभागाखाली ‘निवड मूळ ठशावरून होईल’ एवढे एक वाक्य घालावे. ते पाळण्याची तयारी नसेल, तर त्या विभागाचे पुरस्कार त्या वर्षी जाहीर न करणे अधिक प्रामाणिक ठरेल.